मार्ला : स्टुअर्ट महामार्गावरील रोडहाउसभोवती वसलेल्या वस्तीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲडलेडहून उलुरू या प्रसिद्ध प्रचंड खडकाकडे गाडीने निघालेली मराठी कुटुंबे वाटेत मार्ला नावाच्या फाट्यावर थांबतात, टाकी भरतात, कॉफी घेतात आणि अर्ध्या तासात पुढे निघतात. एवढ्या ओसाड मुलखात हे लोक राहतात कसे, हा प्रश्न मात्र पुढे बराच वेळ गाडीत चघळला जातो. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील अशा वस्त्यांबद्दल आपल्याकडे एक तर फार रोमँटिक कल्पना असतात किंवा फार तुसड्या. मार्लाकडे केवळ थांबा म्हणून न पाहता माणसांची वस्ती म्हणून पाहावे, या हेतूने पुढील उत्तरे लिहिली आहेत. ज्यांना त्या रस्त्याने जायचे आहे किंवा तिथे काही महिने काम करायचे आहे, त्यांनाही त्यांचा उपयोग व्हावा.

मार्ला नेमके कुठे आहे?

साउथ ऑस्ट्रेलिया राज्याच्या अगदी उत्तर टोकाला. ॲडलेडपासून रस्त्याने सुमारे १,०८० किलोमीटर आणि ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे ४५० किलोमीटर. नॉर्दर्न टेरिटरीची सीमा इथून उत्तरेला साधारण १६० किलोमीटरवर आहे. पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत सुमारे २,७०० किलोमीटर धावणारा स्टुअर्ट महामार्ग इथून जातो, आणि मारी गावाहून सहाशेहून अधिक किलोमीटरचा कच्चा प्रवास करून आलेला ऊडनाडाटा ट्रॅक इथेच त्याला येऊन मिळतो. पश्चिमेला आणखी एक रस्ता मिंटाबी या जुन्या खाणगावाकडे आणि आनंगू या आदिवासी लोकांच्या भूमीकडे वळतो. दक्षिणेला कूबर पीडी हे पहिले मोठे गाव सुमारे २३५ किलोमीटरवर आहे, तर उत्तरेला कुलगेराचे रोडहाउस सुमारे १८० किलोमीटरवर. ही अंतरे नकाशावर नुसती वाचून समजत नाहीत. पुण्याहून कोल्हापूरला जाताना वाटेत एकही चहाची टपरी, एकही गाव आणि एकही वळण लागले नाही, तर मन जसे सुन्न होईल, तसा तो प्रवास असतो.

जिथे नदी नाही, शेती नाही, तिथे वस्ती झालीच कशी?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

मध्य ऑस्ट्रेलियातील जुनी वाट पाण्याच्या मागे गेलेली होती. या खंडाच्या पोटात ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा भूजलाचा प्रचंड साठा आहे. तो सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर क्षेत्राखाली पसरला आहे. त्याच्या कडेकडेने ठिकठिकाणी नैसर्गिक झरे वर येतात. स्थानिक आदिवासी समाजांची ये-जा आणि व्यापार हजारो वर्षे या झऱ्यांच्या ओळीने चालत होता. जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा स्कॉटिश संशोधक त्याच ओळीने उत्तरेकडे सरकत गेला आणि १८६२ मध्ये उत्तर किनाऱ्याला पोहोचला. ॲडलेड आणि डार्विन यांना जोडणारी तारायंत्राची लाइन १८७२ मध्ये पूर्ण झाली, ती बरीचशी त्याच्याच मार्गाने. रेल्वेही याच वाटेने आली. १८९१ मध्ये ती ऊडनाडाटाला पोहोचली आणि १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला. त्या काळात मुलखाचे केंद्र ऊडनाडाटा होते आणि आजच्या मार्लाच्या जागी माळरानच होते.

पण झऱ्यांच्या ओळीने गेलेली ही रेल्वे पुराच्या वाटेतही होती. या मुलखात पाऊस क्वचित पडतो, मात्र पडतो तेव्हा कोरड्या नद्यांना असे काही लोंढे येतात की रूळ वाहून जातात. गाडी दिवसचे दिवस वाटेत अडकून पडे. अखेर सरकारने पश्चिमेकडील उंच, कोरड्या जमिनीवरून नवा, जुन्यापेक्षा रुंद रेल्वेमार्ग टाकला. तो १९८० मध्ये सुरू झाला आणि जुना मार्ग बंद पडला. महामार्गही नव्या आखणीने डांबरी होत गेला आणि साउथ ऑस्ट्रेलियातील काम १९८७ मध्ये संपले. नव्या रेल्वेला आणि नव्या रस्त्याला या टप्प्यावर इंधन, विश्रांती, पोलीस आणि दवाखाना यांची गरज होती. मार्ला ही त्या गरजेतून ठरवून वसवलेली वस्ती आहे. ऊडनाडाटाच्या हातून रेल्वे आणि मुख्य रस्ता दोन्ही गेले, आणि दोनशे किलोमीटर पश्चिमेला एका रोडहाउसभोवती घरे उभी राहिली. पाण्याने ठरवलेली जुनी वाट मागे पडून यंत्रांनी ठरवलेली नवी वाट पुढे येणे, हा मध्य ऑस्ट्रेलियाचा आधुनिक इतिहास मार्लाच्या तिठ्यावर उभे राहिले की डोळ्यांनी दिसतो.

रोडहाउस म्हणजे आपल्याकडचा ढाबाच ना?

ढाब्यावर आपण जेवतो, आणि ढाबा आवडला नाही तर पुढच्या ढाब्यावर जातो. इथे उत्तरेकडे पुढचा म्हणजे सुमारे १८० किलोमीटरनंतरचा. त्यामुळे एकाच छपराखाली पेट्रोल पंप, किराणा, खानावळ, बार, मोटेल, तंबूंसाठी व कॅरव्हॅनसाठी जागा, स्नानगृहे आणि किरकोळ दुरुस्तीसाठी लागणारे सामान एवढे सगळे असावे लागते. रस्ता पुढे चालू आहे का, ट्रॅकवर पाणी आले आहे का, अमुक रंगाची गाडी सकाळी इथून गेली का, याची खबरही तिथल्याच गल्ल्यावर मिळते. संध्याकाळी रोड ट्रेन, म्हणजे एका इंजिनामागे तीन तीन ट्रेलर जोडलेला ट्रक, आवारात येऊन थांबतो. चालक उतरून आधी हातोड्याने किंवा बुटाने एकेक टायर ठोकून पाहत मागच्या टोकापर्यंत चालत जातो आणि मगच आत जेवायला येतो. त्याच्यासाठी इथे थांबणे ही केवळ हौस नसते. जड वाहनांच्या राष्ट्रीय नियमांनुसार साधारण प्रकारात एकट्या चालकाला चोवीस तासांत बारा तासांहून अधिक काम करता येत नाही आणि सलग सात तास विश्रांती घ्यावीच लागते. विश्रांतीची सोय असलेले ठिकाण नसेल तर या नियमाला अर्थ राहणार नाही, म्हणून रोडहाउसला मी खासगी दुकानापेक्षा सार्वजनिक सेवा अधिक समजतो.

तिथे किती लोक राहतात आणि ते करतात काय?

शंभराच्या आसपास. रोडहाउसचे कर्मचारी, पोलीस, दवाखान्यातील परिचारिका, रस्त्याची व रेल्वेची देखभाल करणारे कामगार आणि त्यांची कुटुंबे, हा वस्तीचा गाभा. यातील बरेच जण नेमणुकीवर किंवा हंगामापुरते येतात. वर्षानुवर्षे टिकून राहणारे थोडे असतात आणि वस्तीची स्मृती त्यांच्याकडेच असते. आजूबाजूच्या गुरांच्या स्टेशनांवरील, म्हणजे अवाढव्य कुरणांवरील, कुटुंबे आणि आदिवासी वस्त्यांतील माणसे खरेदीसाठी, उपचारांसाठी किंवा नुसते भेटायला येतात, तेव्हा मार्लाची खरी लोकसंख्या कळते.

या स्टेशनांचा आकार सांगितल्यावर कोणी चटकन विश्वास ठेवत नाही. ऊडनाडाटा ट्रॅकवरील विल्यम क्रीकजवळचे ॲना क्रीक हे स्टेशन तेवीस हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहे, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट. इथे मेंढ्या नाहीत, गुरेच आहेत, त्यालाही कारण आहे. डिंगो या रानकुत्र्यापासून मेंढ्यांचे रक्षण करण्यासाठी उभारलेले सुमारे ५,६०० किलोमीटर लांबीचे कुंपण मार्लाच्या बरेच दक्षिणेकडून जाते; कुंपणाच्या आत मेंढ्या आणि बाहेर गुरे, अशी सरळ वाटणी आहे.

तिथे ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आहे का?

नाही. साउथ ऑस्ट्रेलियाचा हा सारा भाग कोणत्याही स्थानिक परिषदेच्या हद्दीत येत नाही. अशा विखुरलेल्या वस्त्यांसाठी राज्याचे आउटबॅक कम्युनिटीज ऑथॉरिटी हे प्राधिकरण काम पाहते, आणि रोजची बरीच कामे रहिवासी आपापसात वाटून घेतात.

पेट्रोल शहरापेक्षा एवढे महाग का असते? हा अडवणुकीचा प्रकार नव्हे का?

चिडलेल्या प्रवाशांचा हा ठरलेला प्रश्न आहे आणि मला तो अन्यायाचा वाटतो. इंधनाचा टँकर शेकडो किलोमीटर चालून येतो आणि परत रिकामा जातो. विक्री शहरातल्या पंपाच्या तुलनेत थोडी, पण टाक्या, पंप, शीतगृह आणि माणसे बारा महिने ठेवावी लागतात. उन्हाळ्यात पर्यटक जवळजवळ नाहीसे होतात, तरी शीतगृह तेव्हाच सर्वाधिक वीज खाते. कर्मचाऱ्यांना राहायला खोल्या द्याव्या लागतात. पंधरा दिवसांनी एखादी गाडी रात्री बिघडलेल्या अवस्थेत दाराशी येते, तेव्हा तिच्यासाठी उठणाऱ्या माणसाचा खर्चही त्याच दरात असतो. भाव ज्यांना टोचतो, त्यांनी तिथे किमान अर्धी टाकी तरी भरावी, कारण पुढे जाऊन इंधन संपले तर गाडी ओढून आणण्याचा खर्च कितीतरी पट होतो.

इंधनाबाबत आणखी एक गोष्ट माहीत असावी. मध्य ऑस्ट्रेलियातील अनेक पंपांवर साध्या अनलेडेड पेट्रोलऐवजी ओपल किंवा तत्सम कमी सुगंधी संयुगे असलेले पेट्रोल मिळते. दुर्गम वस्त्यांतील काही तरुण पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनात सापडले होते आणि त्यात मेंदूची कायमची हानी होत होती, मृत्यूही होत होते. नशा न देणारे हे इंधन २००५ पासून वापरात आणले गेले आणि त्याचा परिणाम ठळक दिसला. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला ते चालते; ते भेसळीचे किंवा हलके असल्याची जी कुजबुज प्रवाशांत ऐकू येते, ती निराधार आहे.

वीज आणि पाणी कुठून येते?

राज्याच्या वीजजाळ्याशी मार्ला जोडलेले नाही. इथली वीज मुख्यतः डिझेल जनित्रावर इथेच तयार होते. अशा दूरच्या गावांसाठी राज्य सरकारची स्वतंत्र योजना आहे. जनित्राची घरघर हा अशा वस्तीचा कायमचा पार्श्वस्वर असतो, आणि ती थांबली की झोपलेली माणसे जागी होतात. पाणी कूपनलिकेतून येते. या भागातील भूजल साधारणपणे क्षारयुक्त असते, म्हणून अंगावर साबणाचा फेस नीट होत नाही आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. वाटेतल्या नळांचे पाणी पिण्यायोग्य आहे का, हे फलक वाचून किंवा विचारून घ्यावे. आपले पिण्याचे पाणी सोबत बाळगावे आणि रोडहाउसकडे डबे भरून पाणी फुकट मागू नये. देणारा नाही म्हणत नाही, पण तिथे प्रत्येक थेंब उपसून वर आणलेला असतो.

भाजीपाला आणि किराणा कसा पोहोचतो? रस्ता बंद झाला तर?

ट्रकने, ठरलेल्या दिवशी. ताजी कोथिंबीर किंवा पिकलेला आंबा यांची अपेक्षा ठेवू नये. गोठवलेले, डबाबंद आणि टिकाऊ सामान हा स्वयंपाकघराचा कणा असतो. सामानाचा ट्रक आला की जो तो हातातले काम टाकून खोकी उतरवायला जातो, कारण चाळीस अंशांत दुधाचे खोके दहा मिनिटे उन्हात राहिले तरी नुकसान होते.

रस्ता बंद होतोच. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या उत्तर भागात अतिवृष्टी झाली. ग्लेनडॅम्बोच्या परिसरात स्टुअर्ट महामार्ग पाण्याखाली गेला आणि रेल्वेमार्गही अनेक ठिकाणी वाहून गेला. डार्विनपर्यंतच्या सुपरमार्केटांतील मांडण्या रिकाम्या पडल्या, मालवाहू ट्रक क्वीन्सलंडमार्गे प्रचंड वळसा घालून पाठवावे लागले, आणि कूबर पीडीला हवाई दलाच्या विमानाने अन्न पोहोचवले गेले. ज्या उंच जमिनीवर पूर येणार नाही म्हणून नवा मार्ग नेला होता, तिथेही निसर्गाने आपले म्हणणे मांडले. अशा वेळी कोठारात दोन-तीन आठवड्यांची शिधा ठेवण्याची जुन्या रहिवाशांची सवय किती शहाणपणाची आहे, ते कळते.

कोणी आजारी पडले किंवा अपघात झाला तर?

मार्लात दवाखाना आहे आणि प्रशिक्षित परिचारिका त्याचा भार वाहतात. गंभीर रुग्णासाठी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचे विमान येते. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या ध्यासातून ही सेवा १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी येथून सुरू झाली, आणि आज ऑस्ट्रेलियाचा दुर्गम भाग तिच्याशिवाय कल्पनेतही आणता येत नाही. दूरच्या स्टेशनांवर या सेवेच्या औषधांची पेटी असते. पेटीतील प्रत्येक औषधाला क्रमांक दिलेला असतो. डॉक्टर फोनवरून लक्षणे विचारतात आणि अमुक क्रमांकाची गोळी इतक्या वेळा द्या, असे सांगतात; औषधाचे नाव उच्चारता न येणाऱ्या घाबरलेल्या माणसाकडूनही मग चूक होत नाही. इतकी साधी आणि इतकी विचारपूर्वक केलेली व्यवस्था आपल्या सह्याद्रीतल्या आणि गडचिरोलीतल्या दुर्गम पाड्यांसाठीही अभ्यासण्यासारखी आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रवाशाने आणीबाणीत ००० हा क्रमांक लावावा. रक्तदाब, मधुमेह यांची औषधे संपूर्ण प्रवासाला पुरतील एवढी आणि वर आठवड्याची जास्त ठेवावीत. औषधांचे दुकान कोपऱ्यावर नसते.

मुले शाळेत कशी जातात?

स्टेशनांवरील मुले बहुधा घरीच शिकतात. ॲलिस स्प्रिंग्ज येथे १९५१ मध्ये रेडिओवरून वर्ग भरवणारी 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झाली; पुढे पोर्ट ऑगस्टा येथेही तशी शाळा निघाली. आता रेडिओची जागा उपग्रहावरील इंटरनेटने घेतली आहे. शिक्षिका पडद्यावर असते, आणि शेजारी बसून वही तपासण्याचे काम आई किंवा त्यासाठी ठेवलेली ताई करते. माध्यमिक वयात पुष्कळ मुलांना वसतिगृहात शहरी पाठवावे लागते, आणि या वस्त्यांतून कुटुंबे निघून जाण्याचे ते एक मोठे कारण आहे.

ही भूमी कोणाची?

मार्लाचा परिसर यांकुनिचाचारा आणि आंटाकिरिंजा लोकांचा. इथून पश्चिमेला आनंगू पिचांचाचारा यांकुनिचाचारा भूमी सुरू होते. १९८१ च्या कायद्याने साउथ ऑस्ट्रेलियाने एक लाख चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश तिथल्या मूळ मालकांना कायमच्या मालकीहक्काने परत दिला. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा तो सुमारे तिसरा भाग होतो. त्या भूमीत जाण्यासाठी आधी परवाना घ्यावा लागतो, आणि तिथे मद्य नेण्यास बंदी आहे. ही बंदी बाहेरच्यांनी लादलेली नाही. व्यसनाने होरपळलेल्या समाजांनी ती आपल्या रक्षणासाठी हवी म्हणून धरली आहे. मार्लात मद्यविक्रीबाबत प्रश्न विचारले जातात किंवा नकार मिळतो, तेव्हा वाद घालू नये.

मार्लाच्या वायव्येला असलेल्या इंदुलकाना वस्तीतील इवांचा कलाकेंद्राचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. तिथे काम करणारे व्हिन्सेंट नामाचिरा यांना २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील मानाचे आर्चिबाल्ड पारितोषिक मिळाले. ते मिळवणारे ते पहिले आदिवासी चित्रकार. सुमारे शंभर वर्षांच्या या पारितोषिकाच्या इतिहासात ही ओळ इतक्या उशिरा लिहिली गेली, हे खटकते. पण ती अशा वस्तीतून लिहिली गेली, याचा आनंद त्याहून मोठा आहे. आनंगू माणसे रोडहाउसवर भेटतात तेव्हा त्यांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत, मुलांची तर मुळीच नाही.

मिंटाबीला ओपल शोधायला जाता येते का?

आता नाही. मार्लाच्या पश्चिमेला सुमारे ३५ किलोमीटरवर असलेले हे गाव एके काळी ओपल रत्नांच्या खाणीसाठी गजबजलेले होते आणि मार्लाच्या रोडहाउसचे ते मोठे गिऱ्हाईक होते. ही जमीन आनंगू भूमीतच होती आणि खाणीसाठी भाडेपट्ट्याने दिलेली होती. तिथून मद्य आणि अमली पदार्थ आदिवासी वस्त्यांत जातात, उधारीच्या व्यवहारात गरीब कुटुंबे नाडली जातात, अशा तक्रारींनंतर सरकारने गाव बंद करण्याचा निर्णय घेतला आणि २०१९ च्या अखेरीपर्यंत रहिवासी निघून गेले. अनेक दशके तिथे राहिलेल्या वृद्ध खाणकामगारांचे दुःख खरे होते, आणि मूळ मालकांचा हक्कही खरा होता.

ऊन किती असते आणि जायला योग्य काळ कोणता?

मे ते ऑगस्ट. दिवसा कोवळे ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, इतकी की पारा शून्याजवळ जातो. वाळवंटात जातो आहोत म्हणून पातळ कपडे घेऊन निघालेली मंडळी इथे कुडकुडतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ टाळावा. ऊडनाडाटा येथे २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. ऑस्ट्रेलियातील तो उच्चांक पुढे २०२२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील ऑनस्लो येथे गाठला गेला, पण अजून मोडलेला नाही. माश्यांचा उच्छाद ऊबदार महिन्यांत असह्य होतो. डोक्यावरून घालायची जाळी विकत घ्यायला लाजू नये.

रात्री गाडी चालवू नका, असे सगळेच का सांगतात?

कारण महामार्गाला बहुतेक ठिकाणी कुंपण नाही. संध्याकाळ झाली की कांगारू चरायला बाहेर पडतात. थंडीत डांबर ऊब धरून ठेवते, म्हणून गुरे रस्त्यावरच येऊन बसतात, आणि काळी गाय काळ्या रस्त्यावर दिसते तेव्हा ब्रेक दाबायला उशीर झालेला असतो. सकाळी मेलेल्या कांगारूवर गरुड बसलेले असतात. हा पक्षी एवढा जड असतो की पोट भरल्यावर त्याला चटकन उडता येत नाही. वेग कमी करावा आणि त्याला पंख पसरायला अवधी द्यावा, नाही तर तो थेट समोरच्या काचेवर येतो. भाड्याच्या गाडीच्या करारात सूर्यास्तानंतर गाडी चालवण्यास अनेकदा मनाई असते आणि ती मोडली तर विमा मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे.

रोड ट्रेन ५३.५ मीटरपर्यंत लांब असते. तिला मागे टाकायचे असल्यास समोर किमान दीड-दोन किलोमीटर मोकळा सरळ रस्ता दिसला पाहिजे. ती समोरून येते तेव्हा हवेचा धक्का गाडीला बसतो, म्हणून स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे. साउथ ऑस्ट्रेलियात वेगमर्यादा ताशी ११० किलोमीटर आहे. सीमेपलीकडे महामार्गावर ती १३० होते, पण सामानाने भरलेल्या कौटुंबिक गाडीने तो वेग गाठायलाच हवा असे नाही.

ऊडनाडाटा ट्रॅकवर साधी गाडी चालेल का?

कोरड्या दिवसांत उंच गाडी, दोन सुटे टायर आणि धीर असेल तर हा ट्रॅक पार होतो. शहरी छोट्या गाडीने तो प्रयत्न करू नये. ट्रॅकच्या तोंडाशी मोठा फलक आहे. त्यावर पुढच्या प्रत्येक टप्प्याचे नाव आणि तो उघडा आहे की बंद, हे दाखवणाऱ्या पट्ट्या असतात. बंद असलेल्या रस्त्यावर गाडी घालणे हा गुन्हा आहे आणि दंड जबर असतो. ओल्या मातीत एका गाडीने पाडलेली चाकोरी उन्हात दगडासारखी कडक होते आणि पुढे कित्येक आठवडे प्रत्येक गाडीचे हाड मोडते; दंडामागचे खरे कारण ते आहे.

गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नये. शोध घेणाऱ्या विमानाला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. या मुलखातील अनेक मृत्यू एवढ्या एका चुकीने झाले आहेत.

मोबाइल चालतो का?

मार्लात टेल्स्ट्राचे नेटवर्क मिळते, वस्ती मागे पडली की ते जाते. ट्रकचालक यूएचएफ रेडिओच्या ४० क्रमांकाच्या वाहिनीवर बोलतात. तो रेडिओ भाड्याने मिळतो आणि मागून येणाऱ्या ट्रकला 'पुढे या, रस्ता मोकळा आहे' एवढे सांगता आले तरी प्रवास सोपा होतो. कच्च्या रस्त्यांवर जाणाऱ्यांनी उपग्रह फोन किंवा संकटसूचक यंत्र घ्यावेच.

या मुलखाशी भारताचा काही जुना संबंध आहे का?

आहे, आणि तो आपण विसरलो आहोत. रेल्वे येण्याआधी इथली बरीचशी वाहतूक उंटांवर होती. १८६६ मध्ये टॉमस एल्डर या उद्योजकाने शंभराहून अधिक उंट आणि ते हाकणारी माणसे कराचीहून पोर्ट ऑगस्टाला आणली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत होती, म्हणजे ही माणसे आपल्याच इलाख्याच्या बंदरातून जहाजावर चढली. ऑस्ट्रेलियाने त्यांना सरसकट अफगाण ठरवले. प्रत्यक्षात त्यांत बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी असे अनेक होते. लोकर, तारेचे खांब, रेल्वेचे सामान, पिठाची पोती हे सगळे त्यांच्या उंटांनी वाहिले. द घान या ॲडलेड-डार्विन मार्गावरील प्रसिद्ध रेल्वेगाडीचे नाव त्यांच्यावरूनच पडले. ट्रक आल्यावर त्यांचा धंदा बुडाला आणि उंट रानात सोडून दिले गेले. आज रस्त्याकडेला दिसणारे रानटी उंट त्यांचेच वंशज. ज्यांच्या श्रमावर हा देश उभा राहिला त्यांना वंशभेदी कायद्यांमुळे नागरिकत्वही सहज मिळाले नाही, ही गोष्ट गाडीच्या आरामदायी डब्यात बसणाऱ्यांनी जाणून घ्यायला हवी. उत्तरेकडे जाणारी द घान पहाटे मार्लाजवळ थांबते आणि प्रवासी माळावर उतरून सूर्योदय पाहतात.

मराठी तरुणांना अशा रोडहाउसवर काम मिळू शकते का?

मिळू शकते. भारतीयांसाठी ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे' हा ४६२ क्रमांकाचा व्हिसा २०२४ पासून खुला झाला आहे. वय १८ ते ३० असावे लागते, वर्षाला १,००० जागा आहेत आणि निवड सोडतीने होते. अतिदुर्गम भागात पर्यटन वा आतिथ्य क्षेत्रातील ठरावीक काळाचे काम पुढच्या वर्षीच्या व्हिसासाठी धरले जाते, म्हणून रोडहाउसवर जगभरची तरुण मंडळी दिसतात. नियम बदलत असल्याने अर्जाआधी सरकारी संकेतस्थळ पाहावे. पैसे घेऊन खात्रीने व्हिसा मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. सोडतीत कोणाची वर्णी लावता येत नाही.

कामाचे स्वरूप साधे पण दमवणारे असते: गल्ला, स्वयंपाकघर, खोल्यांची सफाई, शौचालये धुणे, पंप पाहणे. कामगार आवारातच पत्र्याच्या तयार खोल्यांत राहतात आणि राहण्याजेवण्याचे पैसे पगारातून वळते होतात. ही कपात किती, ते आधी लेखी घ्यावे. किमान वेतन, जादा कामाचा मोबदला आणि पगाराची पावती हे हक्क परदेशी कामगारालाही पूर्ण लागू आहेत. फेअर वर्क ओम्बड्समन या कामगारहक्क पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करता येते.

शाकाहारी माणसाने काय खावे?

चिप्स, टोस्ट, अंडी चालत असल्यास अंडी, आणि सांगितले तर मांसाविना बर्गर. ॲडलेडमधील भारतीय दुकानांतून पोहे, मुगाची डाळ, तांदूळ, चटण्या आणि एक छोटा गॅस सोबत घ्यावा. तंबूच्या जागी स्वयंपाक करता येतो. भारतातून खाद्यपदार्थ आणत असाल तर विमानतळावर ते जाहीर करणे बंधनकारक आहे. नॉर्दर्न टेरिटरीतून परत दक्षिणेकडे येताना ताजी फळे आणण्यावर फळमाशीमुळे निर्बंध आहेत, म्हणून ती सीमेआधीच संपवावीत.

तिथून घरी फोन कधी करावा?

मार्लाचे घड्याळ भारताच्या चार तास पुढे असते. ऑक्टोबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साउथ ऑस्ट्रेलिया घड्याळ एक तास पुढे करते, तेव्हा फरक पाच तासांचा होतो. नॉर्दर्न टेरिटरी मात्र घड्याळ बदलत नाही, त्यामुळे त्या महिन्यांत कुलगेराला पोहोचताच एक तास परत मिळतो. मुक्कामाचे आणि इंधनाचे वेळापत्रक आखताना हा तास हिशेबात धरावा, कारण दक्षिणेकडे परतताना तो कापला जातो आणि पंप बंद व्हायच्या आत पोहोचण्याचा अंदाज चुकतो.